परसेंट पी

हिंगणा एमआयडीसी, मे महिना, सकाळचे अकरा,
आणि कूलरमधलं पाणी आत्ताच कोमट.
वीजमीटरांचं रीडिंग गोळा करणारा आमचा प्रोग्राम
नव्या बोर्डावर चढवल्यापासून
दर चाळीस मिनिटांनी पडतो.
पडण्याआधी लॉगमध्ये एक पत्ता लिहून जातो,
आठ अंकी.

सुगत रंगारी, रुजू होऊन पाच महिने,
मेमरीच्या नकाशावर तीन दिवस बोट फिरवत बसला.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"मॅडम, या पत्त्यावर तं कोनीच राहत नाही."

मी ती ओळ उघडली.
परसेंट एक्स.
शेजारी दोन हजार नऊची तारीख
आणि आद्याक्षरं माझी.

तेव्हा बोर्ड बत्तीस बिटांचे.
पत्ता आणि आकडा एकाच मापाचे,
याच्या चपला त्याला यायच्या.
कंपायलर तेव्हाही कुरकुरला असणार.
मी त्याचं तोंड बंद केलं आणि डबा खायला गेले.
आता चौसष्ट बिटांत
पत्त्याची वरची बाजू मुकाट कापली जाते,
पाकिटावर घर नंबर उरतो, गाव जातं.
घर नंबर सतरा.
इतवारीत सतरा, खामल्यात सतरा,
कामठीला, काटोलला, सगळीकडे सतरा.

खुर्ची ओढून मी सांगू लागले:
पत्ता छापायचा तर परसेंट पी,
आणि हाती देण्याआधी त्याला व्हॉइड करायचं.
तिथे पूर्णांक राहतो की अक्षर,
की मीटरची अख्खी नोंद,
ते विसरून नुसतं ठिकाण द्यायचं.

"म्हणजे आधी कास्ट काढायची."
"काढायची नाही रे, करायची. व्हॉइडला कास्ट," मी म्हणाले,
आणि माझं मलाच ऐकू आलं.

तो हसला नाही.
स्क्रीनकडे बघतच बोलला,
त्रिमूर्तीनगरात खोली पाहिली होती, इथून जवळ.
भाडं जमलं, गाडी ठेवायला जागा जमली.
मग मालकांनी विचारलं, मूळचे कुठले?
इंदोऱ्याचा, म्हटलं.
खोली लगेच त्यांच्या भाच्यासाठी ठेवलेली निघाली.
"पत्त्यातच टाईप दिसते त्यायले, मॅडम."

मी एंटर दाबलं.

बोर्डावर पत्ता उमटला, बारीक अक्षरांत, पुढे शून्य-एक्स.
कोपऱ्यातल्या जुन्या विंडोज मशीनवर
तोच कोड, पण कॅपिटल अक्षरं, पुढे काही नाही,
डावीकडे शून्यांची रांग.
रिकामा पॉइंटर इथे "निल", तिथे सोळा शून्यं.
"यातलं बरोबर कोन्तं?"
दोन्ही.
सारखं दिसायचं वचन कोणी दिलेलंच नाही.
एवढंच कबूल आहे, की छापलेलं त्याच धावेत
परत वाचलं, तर त्याच दारात पोचेल.
पुन्हा चालवलं तर दारही दुसरंच.
"दरवेळी नवी खोली," सुगत म्हणाला, आणि आता जरा हसला.

दुपारी तीनला चूक सापडली.
मोकळी करून टाकलेली जागा
कोणीतरी अजून आपलीच समजत होतं.

संध्याकाळी तो लोकमान्यनगरहून मेट्रोने निघाला.
बर्डीला गाडी बदलायची, पुढचं स्टेशन झिरो माईल.
म्हणतात, सगळी अंतरं त्या खांबापासून मोजलीत.
दगडाचे घोडे आहेत, खांब आहे,
राहत कोणी नाही.
तिथून पुढे इंदोरा.

प्रतापनगरात आमच्या गेटवर दिवाळीपासून पाटी आहे,
वरची खोली भाड्याने देणे.
आजवर चौघं येऊन गेले.
चौघांनाही मी पूर्ण नाव विचारलं,
चहा देता देता, सहज.
सुगतला हे सांगितलं नाही.

गाडी आत घेताना हेडलाइट पाटीवर पडला.
नंबराखाली बारीक अक्षरांत एक ओळ:
शाकाहारी, आपल्या लोकांस प्राधान्य.
अक्षर माझंच.
शेजारी तारीख नाही,
आद्याक्षरं नाहीत.